एकच कायदा ठायीत किती दिवस वाजवायचा?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. वयाच्या पस्तिशीत आपण तबला शिकायला सुरुवात केली, त्याला आता सव्वादोन वर्षे झाली. गेले पाच महिने आपले गुरुजी दिल्ली घराण्याचा ‘धा धा ते टे’ हा एकच कायदा (ठरलेल्या बोलांची बांधीव रचना) आणि त्याचे चार-पाच पलटे (त्याच बोलांचे फेरफार) ठाय म्हणजे संथ लयीत वाजवून घेत आहेत. दुगुनीला, म्हणजे दुप्पट गतीला, परवानगी आहे, चौपटीच्या चौगुनीला अजून नाही. आपल्यानंतर दुसऱ्या एका वर्गात दाखल झालेली मुले रेले (वेगात सलग वाजणाऱ्या बोलांच्या रचना) वाजवू लागली आहेत, त्यांच्या चित्रफिती आपण पाहता, आणि आपला वेळ वाया तर जात नाही ना, अशी शंका मनात येते. संथ रियाजाचा खरोखर उपयोग होतो की केवळ परंपरा म्हणून तो करून घेतला जातो, आणि उपयोग होत असेल तर तो नेमका कसा होतो, असे आपण विचारले आहे.

उपयोग होतो, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि तीस वर्षे शिकवल्यानंतर ते अधिकच पक्के झाले आहे. मात्र ‘त्याने पाया पक्का होतो’ एवढे सांगून आपल्याला परत पाठवणे मला योग्य वाटत नाही. ते वाक्य आपण अनेकदा ऐकले असेल, आणि त्यातून हाताचे प्रत्यक्षात काय होते हे कळत नाही. माझ्या अनुभवात संथ लयीचा पहिला फायदा हाताला होत नाही, तो कानाला होतो. वाजलेले अक्षर ऐकू येईल, ते कसे वाजले याचा निवाडा करता येईल आणि पुढचे अक्षर पडण्यापूर्वी हाताला सूचना देता येईल, एवढी सवड ज्या लयीत मिळते ती त्या विद्यार्थ्याची रियाजाची लय होय. मात्रेला एक अक्षर हा ठायीचा हिशेब सगळ्यांना सारखाच, पण ती मात्रा किती संथ ठेवायची हे ज्याच्या त्याच्या कानावर अवलंबून असते. कोणाला मिनिटाला साठ मात्रा मानवतात, कोणाला सुरुवातीला चाळीसच झेपतात, आणि चाळीसवर वाजवणे म्हणजे मागे पडणे असे मुळीच नाही.

आपल्याच कायद्याचे उदाहरण घेऊ, म्हणजे बोलणे हवेत राहणार नाही.

धा धा ते टे, धा धा तू ना,
ता ता ते टे, धा धा धी ना.

अक्षरे सोळा आहेत आणि ठायीत ती तीनतालाच्या सोळा मात्रांच्या एका आवर्तनात बरोबर बसतात. आता यात डग्गा कुठे वाजतो तेवढेच बोटांवर मोजून पाहा. पहिल्या, दुसऱ्या, पाचव्या आणि सहाव्या अक्षराला तो वाजतो, आणि त्यानंतर थेट तेराव्या, चौदाव्या व पंधराव्याला. म्हणजे सातव्या अक्षरापासून बाराव्यापर्यंत, ‘तू ना ता ता ते टे’ या सहा अक्षरांत, डावा हात गप्प बसलेला असतो. या सहा अक्षरांत डाव्या हाताने काय करायचे हे कोणी फारसे सांगत नाही, आणि माझ्या पाहण्यात या कायद्यातला सर्वांत मोठा बिघाड तिथेच होतो. काही विद्यार्थ्यांचा हात डग्ग्याच्या पुडीवर (वरच्या कातड्यावर) जड होऊन पडून राहतो, काहींचा तो हवेत वर जातो आणि परत येताना त्याला अंतर जास्त कापावे लागते. बहुतेकांच्या बाबतीत उजव्या हाताचा ‘टे’ पडताक्षणी डावा हात दचकल्यासारखा पुढे येतो आणि तेराव्या अक्षराचा ‘धा’ दोन तुकड्यांत वाजतो.

‘धा’ हे एक अक्षर असले तरी त्यात दोन आवाज आहेत, तबल्यावरचा ‘ता’ आणि डग्ग्यावरचा ‘घे’, आणि ते दोन्ही एकाच क्षणी पडले तरच त्याला ‘धा’ म्हणायचे. डग्गा केसभर आधी पडला की कानाला ‘घता’ असे काहीतरी ऐकू येते, केसभर नंतर पडला की ‘ताघ’. साठ मात्रांच्या लयीत चौगुन वाजवताना सेकंदाला चार अक्षरे पडतात आणि डाव्या हाताची ती सहा अक्षरांची विश्रांती दीड सेकंदात संपते. त्या दीड सेकंदात कोणता हात आधी आला हे वाजवणाऱ्याला कळत नाही. ऐकणाऱ्याला मात्र कळते, निदान एवढे तरी जाणवते की वाजवणे सैल आहे, बोल आहेत पण वजन नाही. ठायीत तीच विश्रांती सहा सेकंदांची होते. सहा सेकंद डावा हात कुठे आहे, मनगट पुडीवर टेकलेले आहे का, बोटे उचलण्याच्या तयारीत आहेत की आखडलेली आहेत, हे सारे पाहायला तेवढा वेळ पुरतो. पाहिल्यावर तेराव्या अक्षराला तो योग्य जागी आणता येतो, आणि असा चाळीस-पन्नास वेळा आणल्यावर तो न सांगता येऊ लागतो.

उजव्या हाताचीही कथा अशीच आहे. चाटेवर, म्हणजे पुडीच्या कडेच्या पट्टीवर, ‘ना’ किंवा ‘ता’ वाजवताना अनामिका शाईच्या, म्हणजे मधल्या काळ्या वर्तुळाच्या, कडेपाशी हलकी टेकलेली असावी लागते; तिच्या त्या स्पर्शामुळेच चाटेचा आवाज बांधलेला आणि सुरात येतो. घाईत पहिली उचलली जाते ती हीच अनामिका, कारण तर्जनी जोरात मारण्याच्या नादात सगळा पंजाच वर जातो. आवाज मग ‘ना’ऐवजी नुसता ‘चट्ट’ होतो. ‘ते टे’मध्ये दिल्लीच्या पद्धतीने ‘ते’ मधल्या बोटाने आणि ‘टे’ तर्जनीने शाईवर वाजतो. दोन्ही बंद बोल असल्यामुळे बोट पडल्यावर तिथेच थांबले पाहिजे, उसळता कामा नये. तर्जनी मुळात जास्त वापरातले बोट असल्यामुळे तिचा ‘टे’ मोठा होतो आणि मधल्या बोटाचा ‘ते’ त्याच्या मागे लपतो. दोघांचे वजन सारखे करणे हे काही आठवड्यांचे काम आहे, आणि ते काम फक्त कान करून घेऊ शकतो.

थोडा हिशेब मांडतो. मिनिटाला साठ मात्रांच्या लयीत आपण वीस मिनिटे ठाय वाजवली तर हा कायदा पंच्याहत्तर वेळा होतो, आणि प्रत्येक वेळी ‘ते टे’ दोनदा येत असल्यामुळे त्या जोडीचे दीडशे प्रसंग आपल्या वाट्याला येतात. दीडशे वेळा ऐकून, तपासून वाजवलेला ‘ते टे’ ही एका दिवसासाठी फार मोठी कमाई आहे. हाच कायदा तेवढ्याच वेळात चौगुनीत तीनशे वेळा वाजवता येईल हे खरे, पण त्यातला किती भाग आपण ऐकलेला असेल? जो भाग ऐकलेला नसतो तोही हातात बसतच असतो, हे विसरता येत नाही. चुकीचा हात आणि बरोबर हात यांत हाताला काही फरक कळत नाही. जे पुन्हापुन्हा केले ते त्याला येऊ लागते.

हे मी पुस्तकी ज्ञानातून लिहीत नाही. विशीत असताना एका महाविद्यालयीन स्पर्धेसाठी मी गुरुजींना न विचारता तिरकिटाचा एक रेला तयार करायला घेतला. हातात सहा आठवडे होते. रोज सकाळी तीन तास, आणि पहिल्या दिवसापासून द्रुत लयीत, कारण स्पर्धेत द्रुतच वाजवायचे होते. स्पर्धा झाली, टाळ्याही मिळाल्या, आणि त्या कार्यक्रमाची कॅसेट मी मोठ्या उत्साहाने गुरुजींकडे नेली. त्यांनी दोन आवर्तने ऐकली, टेपरेकॉर्डर बंद केला आणि म्हणाले, “हे तिकिट झालं रे. यातला ‘र’ कुठं गेला?” मी कॅसेट मागे नेऊन पुन्हा ऐकली. खरोखरच ‘र’ नव्हता. मधले बोट ‘ति’ वाजवत होते आणि तर्जनी शाईला नुसती शिवून निघून जात होती, कारण डावा हात ‘कि’ घेऊन वेळेच्या आधीच येऊन ठेपत होता. वाजवताना मला चारही अक्षरे ऐकू येत होती, असे मी शपथेवर सांगितले असते. ती माझ्या मनात होती, तबल्यावर नव्हती.

तो ‘र’ परत आणायला मला सव्वा वर्ष लागले. गुरुजींनी मिनिटाला पन्नास मात्रांच्या लयीत मात्रेला एक अक्षर या हिशेबाने तिरकिट वाजवायला सांगितले, ‘र’वर किंचित जास्त वजन देऊन, आणि त्या काळात रेला पूर्ण बंद. तीन-चार महिन्यांत संथ लयीत चारही अक्षरे सारखी पडू लागली. पण लय जरा वाढली की, किंवा चार माणसे समोर बसली की, जुना हात परत यायचा. बसलेली सवय पुसून टाकता येत नाही. तिच्या शेजारी नवी सवय इतकी घट्ट बसवावी लागते की गडबडीच्या क्षणी हाताला तीच आठवावी. सहा आठवड्यांच्या घाईची किंमत सव्वा वर्ष, हा व्यवहार मी नंतर अनेक विद्यार्थ्यांच्या बाबतीत पाहिला आहे. पहिल्यापासून संथ लयीत शिकवलेल्या मुलाला तिरकिट स्वच्छ यायला साधारण सहा-सात महिने लागतात, तेही रोज अर्धा-पाऊण तास बसले तर.

आपल्याला एक प्रयोग सुचवतो. उस्ताद अहमदजान थिरकवा यांचे एखादे ध्वनिमुद्रण मिळवा. मुनीर खाँसाहेबांचे हे शिष्य काही वर्षे गंधर्व नाटक मंडळीत होते आणि बालगंधर्वांच्या गाण्याला त्यांचा तबला ऐकलेली एक पिढीच महाराष्ट्रात होऊन गेली. त्यांच्या स्वतंत्र वादनातला द्रुत लयीचा एखादा तुकडा घ्या आणि फोनवर त्याची गती निम्मी करून ऐका. अक्षरे एकमेकांपासून सारख्या अंतरावर, प्रत्येक आपापल्या आवाजात उभे असलेले ऐकू येईल. नंतर स्वतःच्या दुगुनीचे मुद्रण करून तेही निम्म्या गतीने ऐका. मला स्वतःला हे पहिल्यांदा केले तेव्हा फार वाईट वाटले होते, पण त्या दिवशी रियाजात काय करायचे हे कोणाला विचारावे लागले नाही. द्रुत लयीत स्वच्छ वाजणारा हात हा संथ लयीत स्वच्छ वाजलेलाच हात असतो. गती कमी केली की तो उघडा पडत नाही.

आणखी एक गोष्ट आहे, ती आपल्या प्रश्नात नाही, पण मला ती सगळ्यांत महत्त्वाची वाटते. संथ लय ही द्रुत लयीकडे जाण्याची केवळ पायरी आहे असे आपण गृहीत धरले आहे. तबलजीच्या आयुष्यात मात्र संथ लय हे प्रत्यक्ष काम आहे. ख्यालाच्या साथीला बसलात तर बडा ख्याल विलंबित एकतालात किंवा झुमरा या तालात असतो, आणि उस्ताद अमीर खाँसाहेबांनी झुमऱ्यात जी अतिविलंबित लय रुजवली त्यानंतर गायक मात्रा खूपच लांब ठेवू लागले आहेत. अशा गाण्यात बारा मात्रांच्या एकतालाचे एक आवर्तन जवळजवळ मिनिटभर चालते. ठेका आठवून पाहा : धिं धिं धागे तिरकिट, तू ना क त्ता, धागे तिरकिट धी ना. यातली चौथी मात्रा सगळी तिरकिटाची आहे. मात्रा पाच सेकंदांची असेल तर ‘ति’, ‘र’, ‘कि’ आणि ‘ट’ यांना प्रत्येकी सव्वा सेकंद मिळतो, आणि ती चार अक्षरे मात्रेचे चार समान भाग दाखवत गायकाच्या आलापाखाली पडत जातात. गायक त्यांच्यावर विसंबून असतो. समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, येताना तो मनात मोजत नसतो, तो आपला ठेका ऐकत असतो. ‘र’ जरासा लवकर पडला तरी त्याचा श्वास चुकतो.

हे काम ज्याने रियाजात संथ लय सहन केलेली नाही त्याला जमत नाही. मी ‘सहन’ हा शब्द विचारपूर्वक वापरतो आहे. दोन मात्रांमधली रिकामी जागा माणसाला अस्वस्थ करते आणि ती लवकर संपवावी असे वाटू लागते. लय वाढते ती याच अस्वस्थतेमुळे. चाळीसच्या लयीत वाजवायला बसवले की पाच मिनिटांत पंचेचाळीसवर जाणारे अनेक हात मी पाहिले आहेत, आणि त्यांतले काही एरवी अतिशय तयारीचे होते. उपाय एकच आहे : त्या रिकाम्या जागेत मनाने वावरायचे. मात्रेचे मनातल्या मनात चार भाग करायचे, आणि तेही तोंडाने नव्हे, श्वास न अडकवता. सुरुवातीला लेहऱ्याचा, म्हणजे आवर्तनभर फिरत राहणाऱ्या सुरावटीचा, आधार घ्यावा. मेट्रोनोमही चालेल, पण लेहऱ्यात स्वर असल्यामुळे आवर्तनाचा आकार कळतो आणि तीनतालातली नवव्या मात्रेची खाली (टाळी न देण्याची जागा) कुठे आली हे मोजावे लागत नाही, म्हणून माझी पसंती लेहऱ्याला आहे.

आता संथ रियाज कसा फसतो तेही सांगणे भाग आहे, कारण ठायीत वर्षे घालवूनही हात तयार न झालेले विद्यार्थी मला माहीत आहेत आणि त्यांचे गुरू त्यांनाच दोष देतात. लक्ष दुसरीकडे ठेवून, समोर दूरचित्रवाणी लावून किंवा फोनवर बोलत केलेला ठाय रियाज निरुपयोगी असतो, हे सांगायला नको. त्याहून फसवी चूक वेगळी आहे. संथ लयीत वेळ भरपूर असल्यामुळे बोटे उंच उचलली जातात. मधले बोट शाईपासून चार बोटे वर जाते आणि तिथून जोरात खाली येते. आवाज मोठा येतो, वाजवणाऱ्याला समाधानही वाटते. पण चौगुनीत त्या उंचीला वेळच नसतो, तिथे बोट शाईच्या जेमतेम वर असते. म्हणजे ठायीत त्याने जी हालचाल घोटली ती चौगुनीत उपयोगाची नाही, आणि लय वाढवताना त्याला सगळे नव्याने शिकावे लागते. म्हणून ठाय वाजवताना हालचाल तेवढीच छोटी ठेवायची जेवढी ती द्रुत लयीत असणार आहे, आणि उरलेला वेळ बोटाने शाईजवळ शांत राहायचे. दिसायला हे सोपे वाटते. करून पाहाल तेव्हा मनगट पहिल्यांदा किती आखडलेले असते हे लक्षात येईल.

एका बोलाच्या बाबतीत मी स्वतः फार संथ लय वापरत नाही, तो म्हणजे ‘धिरधिर’. तिथे पंजाच्या दोन बाजू शाईवर आलटून पालटून येतात आणि मनगटाचा एक झोका असतो. लय फारच कमी केली की तो झोका तुटतो आणि दोन वेगळे आघात उरतात. त्याचे तंत्र संथ लयीत समजावून द्यावे आणि मग तो झोका टिकेल अशा मध्य लयीत घोटावा. काही गुरू माझ्याशी सहमत होणार नाहीत, आणि त्यांच्या शिष्यांचा धिरधिर चांगला असेल तर त्यांनी त्यांच्या पद्धतीने शिकवत राहावे.

लय वाढवायची कधी, हा आपल्या प्रश्नाचा खरा गाभा आहे असे मला वाटते. मी वापरतो ती पद्धत अशी. कायदा ठायीत आणि दुगुनीत सलग तीन-तीन आवर्तने स्वच्छ वाजला, म्हणजे तेरावा ‘धा’ एकसंध आला, ‘ते टे’चे वजन सारखे राहिले आणि खांदे वर गेले नाहीत, तर लेहरा चार मात्रांनी वाढवायचा, साठवरून चौसष्ट. बिघडला तर चार मात्रा खाली. त्यात कमीपणा वाटण्याचे कारण नाही. लागोपाठ काही दिवस एखाद्या लयीवर अडकायला होते, नंतर एके दिवशी सकाळी ती अडचण आपोआप सुटलेली असते; झोपेत हात काहीतरी शिकत असावा असे वाटण्याइतका हा अनुभव नियमित येतो. रियाजाचा शेवट मात्र नेहमी संथ लयीत करावा. शेवटी वाजवलेले हाताच्या लक्षात राहते असे माझे गुरुजी म्हणत, आणि मला तसा अनुभव आहे. चौगुनीचा प्रयत्न करायला हरकत नाही, पण तो तपासणी म्हणून, आठवड्यातून एकदा, दोन आवर्तने. त्यावर रियाज करू नये.

आपल्या परंपरेनेही हा क्रम मैफलीत जपला आहे. स्वतंत्र वादनात जाणता वादक कायदा आधी ठायीत मांडतो, मग दुगुन-चौगुनीत नेतो आणि पलटे करतो. श्रोत्याला कायद्याचे मूळ रूप, भरी-खालीची (डग्ग्यासह आणि डग्ग्याविना येणाऱ्या भागांची) मांडणी आणि प्रत्येक बोलाचा निकास, म्हणजे तो काढण्याची रीत, आधी दाखवायचा, अशी त्यामागची दृष्टी आहे. ठाय मांडणी ऐकूनच जाणकार हात ओळखतात.

वाजवण्याआधी पढंत करावी, हेही मी आग्रहाने सांगेन. हाताने टाळी-खाली दाखवत कायदा तोंडाने म्हणायचा, त्याच संथ लयीत, आणि ‘तू’ व ‘धी’ यांतला फरक जिभेवर स्पष्ट आणायचा. जो बोल तोंडातून पुसट येतो तो हातातूनही पुसटच येतो. परदेशात राहणाऱ्या काही मराठी विद्यार्थ्यांना मी ऑनलाइन शिकवतो. आवाज थोडा उशिरा पोहोचत असल्यामुळे आम्हाला एकत्र वाजवता येत नाही, म्हणून नाइलाजाने पढंत आणि ठाय यांवरच तासातला निम्मा वेळ जाऊ लागला. दोन वर्षांनंतर त्यांचे बोल इथल्या विद्यार्थ्यांपेक्षा स्वच्छ झालेले पाहून मी माझ्या घरच्या वर्गातही पढंतीचा वेळ वाढवला.

किती वेळ बसावे याविषयी जुन्या लोकांच्या कथा ऐकून आपण घाबरू नये. चाळीस दिवसांच्या अखंड रियाजाला चिल्ला म्हणतात आणि तो करणारे थोर वादक होऊन गेले, परंतु तो तयार हाताचा, गुरूच्या देखरेखीखालचा रियाज आहे. नोकरी सांभाळून शिकणाऱ्याने रोज चाळीस मिनिटे बसावे. रविवारी पाच तास आणि मधले सहा दिवस सुट्टी, यापेक्षा ते कितीतरी पटींनी चांगले. मनगट किंवा कोपराच्या खालचा भाग दुखू लागला तर थांबावे. दुखणे हे मेहनतीचे लक्षण नव्हे, बहुतेक वेळा ते आखडलेल्या हाताचे लक्षण असते, आणि दोन-चार दिवसांत थांबले नाही तर डॉक्टरांना दाखवावे. पस्तिशीनंतर स्नायू विशीतल्यासारखे माफ करत नाहीत.

त्या मुलांच्या चित्रफितींबद्दल मी कठोर बोलणार नाही. मुलांचे हात लवकर वळतात आणि त्यांच्यातल्या काहींचे रेले खरोखर चांगले असतील. पण चित्रफितीत कायद्याची ठाय कोणी दाखवत नाही, त्यामुळे त्या पाहून आपल्या रियाजाचे मोजमाप करता येणार नाही. मोठ्या वयात शिकणाऱ्याकडे एक गोष्ट असते जी दहा वर्षांच्या मुलाकडे सहसा नसते : त्याला ऐकता येते, आणि ऐकलेल्याचा विचार करता येतो. संथ रियाज त्याच गुणावर चालतो. पंडित भीमसेन जोशी यांनी सांगितले आहे की सवाई गंधर्वांनी त्यांना प्रामुख्याने तोडी, मुलतानी आणि पूरिया हे तीनच राग शिकवले. पुढे त्यांनी किती राग गायले हे आपण जाणतोच. पाच महिने एक कायदा, या गोष्टीकडे त्या नजरेने पाहिले तर ती फार वाटणार नाही.

तरीही एका बाबतीत मी आपल्या बाजूने आहे. पाच महिने एकच कायदा वाजवून घेताना त्यात अजून काय कमी आहे हे गुरुजींनी आपल्याला सांगितले नसेल, तर ते सांगायला हवे होते. ज्या दोषावर काम करायचे तो माहीत नसेल तर विद्यार्थी नुसता वेळ भरतो आणि कंटाळतो, आणि तो कंटाळा त्याचा दोष नसतो. आपण नम्रपणे विचारा. ‘चौगुन कधी देणार?’ असे विचारू नका. ‘माझ्या ठायीत आपल्याला काय खटकते?’ असे विचारा. चांगला गुरू या प्रश्नाने सुखावतो, आणि बहुधा त्याच बैठकीत आपल्याला दोन-तीन नेमक्या जागा दाखवून देईल.

त्याआधी आज रात्री एवढे करा. लेहरा साठवर लावा, फोन डग्ग्याच्या बाजूला ठेवा, कायदा ठायीत तीन आवर्तने वाजवून मुद्रित करा आणि तबल्यापासून दूर बसून ऐका. फक्त तेरावे अक्षर ऐका, तिन्ही आवर्तनांतले. ते ‘धा’ आहे की ‘घता’, एवढेच वहीत लिहून ठेवा, आणि ती वही घेऊन गुरुजींकडे जा.